बिनसुतकाचे दुःख : परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी मृत्युशिक्षणाची प्रस्तावना

नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. एका मुलीला 'मृत्यूनंतरची शुश्रूषा' हा प्रश्न आला. ट्रे मांडलेला होता. कापूस, बँडेज, चिमटा, पाण्याचे भांडे, पांढरी चादर, नावाच्या चिठ्ठ्या. पुतळ्याशेजारी उभी राहून तिने घडाघडा सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केल्याची वेळ नोंदवायची, ईसीजीची सरळ रेघ फाइलला लावायची, डोळे मिटायचे, हनुवटीला बँडेज बांधायचे, हातपाय सरळ करायचे. नळ्या काढायच्या, पण पोलीस केस असेल तर हात लावायचा नाही. अंग पुसायचे, दागिने नातेवाइकांची सही घेऊन द्यायचे. मग मध्येच म्हणाली, "आणि नखं कापायची."

हे पुस्तकात नाही. मी काही बोलले नाही, बाकीचे सगळे बिनचूक होते. गुण लिहिता लिहिता उगाच विचारले, "वॉर्डात आतापर्यंत किती जण गेलेले पाहिलेस?"

"चार, मॅडम."

"त्यांच्याबद्दल कोणाशी बोललीस?"

ती गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

आणि तो होताच बाहेरचा. मृतदेहाचे काय करायचे हे आपण नर्सिंगच्या मुलामुलींना चांगले शिकवतो. मरणाऱ्या माणसाजवळ कसे बसायचे, आणि तो गेल्यावर स्वतःचे काय करायचे, हे मात्र ज्याचे त्याने शिकून घ्यावे अशी रीत आहे. या राहून गेलेल्या दोन गोष्टींचा अभ्यास करणारे क्षेत्र गेल्या साठेक वर्षांत जगभर उभे राहिले आहे. मराठीत त्याला अजून रुळलेले नाव नाही. मी 'मृत्युशिक्षण' म्हणते. शब्द जरा अंगावर येतो, हे कबूल. सुट्टीत घरी जाऊन "मी मृत्युशिक्षण शिकतेय" असे सांगितले तर आई आधी तोंडावर हात ठेवील आणि मग मीठमोहऱ्या उतरवील. तरीही आत या. विषय दिसतो तितका परका नाही.

व्हर्जिनिया हेंडरसन यांची परिचर्येची व्याख्या पहिल्या वर्षी सगळेच पाठ करतात. 1960 साली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने काढलेल्या त्यांच्या पुस्तिकेतून ती देशोदेशी पोचली. माणूस निरोगी राहावा, आजारी पडला तर बरा व्हावा, आणि तेही शक्य नसेल तर त्याला शांत मरण यावे, यासाठी जे तो अंगात बळ असते तर स्वतःच करता ते त्याच्यासाठी करणे, असा तिचा भाव आहे. पहिल्या दोन गोष्टींसाठी आपल्याकडे वॉर्ड आहेत, यंत्रे आहेत, परीक्षेला प्रश्न आहेत. तिसरी पाठांतराच्या भरात जिभेवरून घसरून जाते.

हे घसरणे योगायोगाने होत नाही, असे दाखवून देणाऱ्या दोन बायका या क्षेत्राच्या उगमापाशी उभ्या आहेत. एक जीन क्विंट. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्राउस हे समाजशास्त्रज्ञ सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या रुग्णालयांत मरण प्रत्यक्षात कसे घडते ते पाहत हिंडत होते, तेव्हा ही परिचारिका त्यांच्या गटात होती. तिने लक्ष ठेवले ते विद्यार्थिनींवर. 1967 साली 'द नर्स अँड द डाइंग पेशंट' हे तिचे पुस्तक आले. शिक्षणाची सगळी रचना जीव वाचवण्याभोवती आहे, मरणासन्न रुग्ण विद्यार्थिनीच्या वाट्याला येतो तो नशिबाने, आणि त्याच्याशी बोलायचे काय याचे मार्गदर्शन तिला क्वचितच मिळते, हे तिने वेशीवर टांगले.

दुसरी इझाबेल मेन्झीस. ही लंडनची, मनोविश्लेषक. एका मोठ्या रुग्णालयाच्या नर्सिंग विभागाचा तिने अभ्यास केला आणि 1960 साली प्रसिद्ध केला. तिला दिसले ते असे: एका रुग्णाची सगळी सेवा एका मुलीकडे कधीच येत नाही. कामाचे तुकडे पाडलेले. एकीने सगळ्यांचे ताप बघायचे, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचे. मुलींना वारंवार या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवायचे. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या आकड्याने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखायचे. मेन्झीसचे म्हणणे असे की ही निव्वळ कामाची सोय नव्हती. रोज दुःखाच्या इतक्या जवळ राहायचे तर कुठल्याच एका माणसाच्या फार जवळ जायला नको, म्हणून संस्थेने नकळत उभारलेली ती भिंत होती. भिंतीने भीती काही गेली नाही. मुली मात्र शिक्षण अर्धवट टाकून गेल्या.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला चक्क हसू आले. आपला कुठलाही सरकारी वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. "सात नंबर ऑफ झाला." "लिव्हरवाल्या काकांची फाइल दे." "एक्स्पायरी आहे, मामांना बोलाव." मराठी येणारी, घरी मराठीत रडणारी मुलगी वॉर्डात पाऊल टाकले की मरणासाठी एकही मराठी शब्द वापरत नाही. साठ खाटांना दोन सिस्टर असतील तर कामाचे तुकडे पडणारच, हे मेन्झीसबाईंना कोणीतरी सांगायला हवे होते. पण शब्दांचे तुकडे का पडावेत?

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्याकडे हा विषय शिकवण्याची सगळ्यात मोठी सोय आपल्या भाषेतच पडून आहे आणि आपण ती वापरत नाही. पाठ्यपुस्तकात 'चेन-स्टोक्स श्वसन' असे येते. श्वास खोल होत जातो, मंदावतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. मुलीच्या आजीने शेवटच्या श्वासाला 'ऊर्ध्व लागला' म्हटलेले असते. घशात साठलेल्या स्रावाच्या आवाजाला इंग्रजीत एक शब्द आहे, आपल्याकडे 'घरघर' आहे, आणि 'घरघर लागणे' हा वाक्प्रचार तर आपण बंद पडत चाललेल्या गिरणीलाही लावतो. 'वाचा बसली', 'हातपाय गार पडले', 'नुसती धुगधुगी आहे', हे सगळे मरणाच्या पायऱ्यांचे बारीक निरीक्षण आहे. ज्या बायकांनी ते केले त्यांनी घरात पाच-सात मरणे उशाशी बसून पाहिली होती. शेवटच्या दिवशी माणूस एकदम ताजातवाना होतो, जेवण मागतो, नातवाला ओळखतो, आणि घरच्यांना वाटते की टळले. विझताना दिवा मोठा होतो, हे आजीला ठाऊक असते. विद्यार्थिनीला ठाऊक नसते आणि दुसऱ्या दिवशी तीच जास्त कोसळते.

म्हणून माझ्या वर्गात मी पहिला तास व्याख्यानाचा ठेवत नाही. तुमच्या घरात, गल्लीत, गावात कोणाचे मरण पाहिले ते सांगा, आणि तेव्हा वडीलधाऱ्यांनी कोणते शब्द वापरले ते फळ्यावर लिहा, एवढेच सांगते. फळा भरतो. मग एकेका शब्दासमोर त्यामागचे शरीरशास्त्र लिहायचे. घरघर का लागते? गिळण्याची आणि खोकण्याची ताकद गेलेली असते म्हणून. तेव्हा काय करायचे? कुशीवर वळवायचे, डोके थोडे उंच करायचे, डॉक्टरांनी सांगितले तर स्राव कमी करणारे औषध द्यायचे. नळी पुन्हा पुन्हा घशात घालून सक्शन करत बसायचे नाही, त्याने त्रासच वाढतो. रुग्णाला बहुधा त्या आवाजाची जाणीव नसते, पण जाणीव असणारे चौघे खाटेभोवती उभे असतात, त्यांना हे समजावून सांगायचे. 'जीव कुणासाठी तरी घुटमळतोय' याच्यासमोर शरीरशास्त्र लिहिता येत नाही. तिथे मुंबईहून निघालेल्या मुलाला फोन लावून तो फोन रुग्णाच्या कानाशी धरायचा. ऐकू येणे शेवटपर्यंत टिकत असावे, असे मानायला जागा आहे. त्यामुळे खाटेजवळ उभे राहून 'बॉडी किती वाजता न्यायची' ही चर्चा करायची नाही.

आता बोलण्याचा प्रश्न. विद्यार्थ्यांना खरी भीती प्रेताची नसते. ती दोन-तीनदा पाहून जाते. खरी भीती रात्रपाळीतल्या एका वाक्याची असते. अडीच वाजता बाराव्या खाटेवरचा माणूस विचारतो, "सिस्टर, मी बरा होईन ना?"

त्याआधी संध्याकाळी त्याच्या मुलाने जिन्यात गाठून सांगितलेले असते, "बाबांना काही सांगू नका हां. धसका घेतील." आणि त्याच्याही आधी, आंघोळ घालताना, बाबांनी सांगितलेले असते, "पोराला बोलू नका, पण मला कळलंय सगळं." ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी 1965 साली मरणाच्या जाणिवेचे चार प्रकार मांडले. रुग्णाला काहीच माहीत नसते तो पहिला, त्याला शंका येऊ लागते तो दुसरा, दोन्ही बाजूंना माहीत असून दोघेही माहीत नसल्याचे सोंग करतात तो तिसरा, आणि उघड बोलणे होते तो चौथा. अमेरिकेतून निघालेले हे वर्गीकरण आपल्याला परके वाटत नाही ते तिसऱ्या प्रकारामुळे. हे परस्परांचे सोंग आपल्या घरांत फार प्रेमाने वठवले जाते. मला ते सरसकट वाईट वाटत नाही. पाश्चात्त्य पुस्तके उघड बोलण्याला शेवटची, सर्वांत चांगली पायरी समजतात. आपल्याकडे एखादी म्हातारी न बोलताच सुनेला कपाटाची किल्ली देते आणि त्यात सगळे बोलणे होऊन जाते. पण सोंगाची किंमत कोणीतरी मोजत असते. बापलेकांची दोन्ही गुपिते पोटात घालून मध्ये उभी असते ती एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी. दोघांच्याही सोंगात तिला न विचारता पात्र म्हणून घेतलेले असते.

"मी बरा होईन ना?" याला वॉर्डात एकच ठरलेले उत्तर आहे: "काही होत नाही काका, टेन्शन नका घेऊ. झोपा बरं." हे खोटे आहे म्हणून वाईट असे मी म्हणत नाही. ते बोलून ती मुलगी पुढच्या खाटेकडे वळते, आणि काका पुन्हा कोणाला विचारत नाहीत, हे वाईट आहे. निदान सांगणे हे विद्यार्थिनीचे काम नाही, ते डॉक्टरांचे, आणि तिने ते अंगावर घेऊही नये. पण स्टूल ओढून बसणे तिच्या अधिकारात आहे. "आज असं का वाटलं काका?" एवढे विचारणे तिच्या अधिकारात आहे. पुष्कळदा त्या प्रश्नामागे आजार नसतोच. धाकटीचे लग्न राहिलेले असते, कर्जाचा एक हप्ता बायकोला माहीत नसतो, किंवा इथे नको, घरी न्या, एवढेच म्हणायचे असते. सकाळी इन्चार्ज सिस्टरला आणि डॉक्टरांना "काका रात्री विचारत होते" हे सांगणे, ही नोंद ताप-नाडीच्या नोंदीइतकीच परिचर्येची आहे. वर्गात हे दोघी-दोघींनी वठवून पाहता येते. सुरुवातीला खूप हसतात. मग एखादीला काकांच्या भूमिकेत खरेच रडू येते आणि हसणे थांबते.

वेदनेबद्दल लिहायचे तर सिसिली सॉन्डर्स यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. या बाई आधी परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि मग वैद्यकशास्त्र शिकून 1957 साली डॉक्टर. 1948 साली मरण पावलेल्या त्यांच्या एका पोलिश ज्यू रुग्णाने त्यांच्या मनातल्या, मरणासन्नांसाठीच्या घरासाठी 500 पौंड मागे ठेवले होते. ते घर, सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, लंडनमध्ये उभे राहायला 1967 साल उजाडले. शरीर, मन, घरदार आणि श्रद्धा यांचे दुखणे वेगवेगळे मोजता येत नाही, ही त्यांची 'समग्र वेदने'ची कल्पना तीन पेशांतून गेल्याशिवाय सुचली असती असे मला वाटत नाही. आपल्याकडे पहिले हॉस्पिस 1986 साली वांद्र्याला निघाले, शांती आवेदना सदन. पुण्याला वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र 1997 चे. केरळात 1993 साली कोझिकोडला सुरू झालेल्या अशाच कामातून तर गावोगावचे स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले. नर्सिंगच्या प्रत्येक तुकडीने अशा एखाद्या ठिकाणी निदान एक दिवस काढावा. तिथे मॉनिटरचा पिंपिं आवाज नसतो, आणि त्या शांततेत हातांना काय काम असते ते दिसते.

मॉर्फिनबद्दल एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून उघड बोलावी. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते मिळणे इतके किचकट करून ठेवले होते की डॉक्टर-सिस्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या ते न हाताळताच शिकल्या. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, मनातली धास्ती तेवढीच राहिली. शेवटचे इंजेक्शन कोणीतरी देणारच असते. ते विद्यार्थिनीच्या हातून गेले आणि तासाभरात रुग्ण गेला, तर "माझ्यामुळे गेले का?" हा प्रश्न ती वर्षानुवर्षे कोणाला न विचारता बाळगते. वेदनेच्या मापाने, बेताबेताने वाढवत दिलेले मॉर्फिन माणसाला मारत नाही. आजार मारतो. हे तिला त्याच दिवशी, त्याच वॉर्डात, डोळ्यांत बघून सांगायला हवे.

बाकीच्या गोष्टींवरून मी भराभर जाते. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांच्या 1969 च्या पुस्तकातले मरणाला सामोरे जाण्याचे पाच टप्पे मुले इंग्रजी आद्याक्षरे जोडून 'डाब्डा' म्हणून घोकतात. ते पुस्तक शिकागोत मरणासन्न रुग्णांनाच शिक्षक मानून विद्यार्थ्यांपुढे त्यांना बोलते करण्यातून जन्मले, हे कोणी सांगत नाही. टप्पे विसरलात तरी चालेल. मृत्यूकडे पाहण्याची वृत्ती मोजणारी मापने आहेत. फ्रॉमेल्ट यांचे 1991 चे तीस विधानांचे माप संशोधन-प्रबंधांत फार लोकप्रिय आहे. व्याख्यानानंतर गुण वाढले, असे दाखवणारा प्रबंध लिहिणे सोपे असते. ती मुलगी पुढच्या महिन्यात खाटेजवळ थांबली की पडदा ओढून निघून गेली, हे कागदावर येत नाही. पुतळ्यांवरच्या सरावात पुतळ्याला मरू द्यावे की नाही यावर वाद आहे. मरू द्यावे, पण त्यानंतर वर्ग संपवून घरी पाठवू नये, असे माझे मत.

कायद्याचे भान मात्र घाईने उरकण्याचे नाही, आणि महाराष्ट्रातल्या परिचारिकेला तर नाहीच. अरुणा शानबाग या परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. 1973 साली त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या जवळजवळ बेचाळीस वर्षे तिथेच अंथरुणावर होत्या, आणि तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांचे सगळे केले. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मरू देण्याची मागणी फेटाळली, तसे करताना केईएमच्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे निर्णायक मानले, आणि त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली. 18 मे 2015 रोजी त्या वारल्या. पुढे 2018 साली सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आधी लिहून ठेवलेले इच्छापत्र न्यायालयाने मान्य केले, 2023 साली त्याची पद्धत सोपी केली. त्या परिचारिकांचे बरोबर होते की याचिका करणाऱ्यांचे, यावर वर्गात दोन तट पडतात आणि पडू द्यावेत. मला त्यात पुन्हा पुन्हा दिसते ते एवढेच की देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मरणाबद्दल विचारले तेव्हा रोज अंग पुसणाऱ्यांचा शब्द वजनात धरला गेला.

आता शीर्षकाकडे. केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 साली एक कल्पना मांडली: काही दुःखे अशी असतात की ती करण्याचा हक्कच समाज देत नाही. मराठीत हे समजावायला मला एकच वाक्य पुरते. ज्याचे सुतक नाही ते दुःख. घरात माणूस गेला की चूल बंद होते, शेजारी पिठले-भात आणतात, दहा दिवस कोणी काही मागत नाही, तेराव्याला गोड करून सगळे पुन्हा कामाला लागतात. विद्यार्थिनीने ज्याला तीन आठवडे भरवले तो माणूस गेला, तर तिला मिळतो तो खाट पुसून चादर बदलेपर्यंतचा वेळ. अर्ध्या तासात त्याच खाटेवर नवा रुग्ण येतो आणि हसून त्याचे नाव विचारायचे असते. 2020-21 च्या साथीत तर नातेवाइकांनाही जवळ येऊ दिले जात नव्हते. तेव्हा व्हिडिओ कॉलवर शेवटचा चेहरा दाखवणारे हात याच मुलींचे होते, आणि त्यानंतरही ड्यूटी संपायला चार तास बाकी होते.

तेरा दिवस कोणीच देणार नाही. दहा मिनिटे देता येतात. ट्यूटरने त्याच पाळीत, चहाच्या खोलीत, त्या मुलीला आणि असल्यास मावशींना आणि मामांनाही बसवायचे. काय झाले, तू काय केलेस, काय करायचे राहिले असे वाटते? एवढेच. मावशींना मुद्दाम बसवायचे, कारण वॉर्डात सगळ्यात जास्त मरणे त्यांनी पाहिलेली असतात आणि त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते. आणि शक्य असेल तिथे पहिले मरण मुलीने एकटीने पाहू नये. ट्यूटरने शेजारी उभे राहावे, हात लावून दाखवावा. इंजेक्शन आपण असेच शिकवतो की.

त्या दिवशी परीक्षेत मी तिला शेवटी विचारलेच, नखांचे काय ते.

चौदा नंबरचे आजोबा, ती म्हणाली, आणि मग सुधारून त्यांचे नाव सांगितले. संध्याकाळी त्यांनी नखे कापून मागितली होती. खूप वाढली होती, अंगाला बोचत होती. ती म्हणाली, "आजोबा, तिन्हीसांजेला नखं कापत नाहीत, उद्या सकाळी कापते." रात्री दोनला ते गेले. सकाळी सातला ती ड्यूटीवर आली तेव्हा नातेवाईक यायचे होते. तिने पडदा ओढला, वीसच्या वीस नखे कापली, कागदात गुंडाळली. लॉगबुकात लिहिले नाही, कारण त्याला रकाना नव्हता.

"बरोबर केलं ना मॅडम?"

दारात पुढची मुलगी ट्रे घेऊन उभी होती. मी तिला पाच मिनिटांनी यायला सांगितले आणि खुर्ची पुढे सरकवली.